घरपोच नको

१० जानेवारी

बेबी,

काल दार वाजलं. उघडून बघते तर एक माणूस दोन पिशव्या घेऊन उभा. "आजी, सामान." म्हटलं, "कुणाचं?" तर म्हणे तुमचंच, तुमच्या मुलाने मागवलंय. तो तिकडे दुसऱ्या गावी बसून माझ्या स्वयंपाकघरात टोमॅटो पाठवतो! आणि टोमॅटो तरी कसे? वरून लाल, खालून पांढरे, जमिनीवर टाकले तर चेंडूसारखे उसळतील. केळी हिरवीगार. ती पिकेपर्यंत मी टिकले तर खाईन.

गेल्या महिन्यात मंडईच्या पायरीवर माझा पाय घसरला, ते तुला लिहिलं होतंच. पडले नव्हते, नुसती बसले होते. पण शेजारणीने ते त्याला कळवलं, आणि तिच्या तोंडून त्याच्या कानापर्यंत जाईतो मी जवळजवळ गेलेच होते. आता साहेबांचं फर्मान निघालंय. आईने जिना उतरायचा नाही. दूध घरपोच, भाजी घरपोच, औषधं घरपोच. म्हटलं, बाळा, मग मलाच एकदा वरती घरपोच कर, म्हणजे तू सुटलास. त्याने फोन ठेवला.

मी त्या माणसाला पाणी दिलं, पिशव्या परत न्यायला लावल्या आणि चपला घातल्या. गुडघा कुरकुरला. त्याला म्हटलं, तू कुरकुर, पण चल. मंडईत गेले, टोमॅटो दाबून, हुंगून, भाजीवालीशी मनसोक्त भांडून घेतले. तुझा भाचा त्याला दगदग म्हणतो, मी व्यायाम म्हणते. अख्खी नोकरी मी सिनेमाच्या तिकीटखिडकीत काढली. त्या एवढ्याशा भोकातून आत आलेला हात बघून माणूस कसा असेल ते ओळखायचे. आता मी दाराच्या फटीतून हात बाहेर काढून सामान घेऊ? जमणार नाही.

तू कधी येतेस? थंडी अर्धी सरली. तुझी खोली झाडून ठेवलीय, उशा उन्हात टाकल्यात. तुझा भाऊ गेल्यापासून माझ्याशी नीट भांडेल असं माणूस घरात उरलेलं नाही. मुलगा भांडत नाही, नुसती काळजी करतो. त्याने माझा जीव जाईल.

तुझी वहिनी

*

१९ जानेवारी

वहिनी,

पत्र मिळालं. शुद्धलेखनाच्या चुका नेहमीइतक्याच आहेत, म्हणजे तब्येत उत्तम आहे असं धरून चालते.

पण तुमच्या मुलाचं काय चुकलं, ते मला समजलं नाही. तुमचा रक्तदाब वरखाली होतो, गुडघा धरतो, जिना अंधारा आहे. या वयात खुब्याचं हाड मोडलं की माणूस उठत नाही. तो दारात सामान पाठवतो आहे तर घ्यावं. केळी कुठे पळून जात नाहीत, दोन दिवसांनी खावीत.

मी या थंडीत येत नाही. तुम्ही कारण विचारणार, म्हणून आधीच सांगते. प्रवास लांबचा, गाडीत गर्दी, आणि तुमच्याकडची थंडी मला आता सोसत नाही. इथे माझं बरं चाललंय. माझी खोली आहे, खिडकी आहे, लागूनच न्हाणीघर आहे. संध्याकाळचं फिरणं सोडलं. वाचनालयात जाणंही सोडलं. मुलगा पुस्तकं आणून देतो. भलतीच आणतो, पण आणतो. चहासुद्धा सोडला. एकदा मनाने घेतलं की माणसाला फार थोड्या गोष्टींची गरज असते. तुम्हीही करून बघा.

फोन करू नका, पत्रच लिहा. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तुमचा आवाज फोनमधून सगळ्या घराला ऐकू जातो.

बेबी

*

२८ जानेवारी

बेबी,

तू आणि चहा सोडलास? हे मी दोनदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अगं, शाळेत तासाची घंटा झाली की खडू खाली ठेवायच्या आधी तुझ्या हातात कप यायचा, असं तुझ्याच शाळेतल्या बाई सांगायच्या.

फिरणं सोडलं, वाचनालय सोडलं, चहा सोडला, आता मलाही सोडलंस. हे तू नाही लिहिलेलं. हे तुझ्याकडून कुणीतरी लिहवून घेतल्यासारखं आहे. खरं सांग, सूनबाई चहा करून देत नाही का? बाहेर पडलीस तर तोंड वाकडं करते का? तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. वर्गात वाघीण आणि घरात मुकाट. माझा तसा नाही. मी सूनबाईला वेगळं पत्र टाकलंय. त्यात काय लिहिलंय ते तिलाच विचार.

मी मात्र रोज बाहेर जाते. काल रक्त तपासायला गेले. तिथला मुलगा म्हणाला, "आजी, कशाला आलात, आम्ही घरी येऊन रक्त नेलं असतं." म्हटलं, "रक्त माझ्या अंगातलं आहे आणि पायही त्याच अंगाला आहेत. दोघं मिळून आले." साखर थोडी वाढलीय. वाढू दे, वयही वाढलंय.

लपवू नकोस. लिही.

वहिनी

*

४ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र वाचून सूनबाई रडली. दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

ती मला रोज विचारते, आई, चहा ठेवू का. मी नको म्हणते. ती रोज विचारते, आई, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ या का. मी नको म्हणते. ती मला कधी वावगा शब्द बोललेली नाही. तुम्हाला जन्मभर सिनेमाच्या दारात बसून प्रत्येक घरात एक खलनायक शोधायची सवय लागलीय. माझ्या घरात तो नाही.

चहा मी सोडला. मी घराबाहेर पडत नाही ते माझ्या मर्जीने. काही गोष्टी माणसाच्या एकट्याच्या असतात आणि त्यात वहिनीनेसुद्धा हात घालायचा नसतो. तुम्ही तुमच्या मुलाचं ऐकत नाही, तर मला उपदेश करायचं तुम्हाला काय कारण?

माझ्या पत्राची वाट बघू नका.

बेबी

*

२ मार्च

मामी,

तुम्ही मला जे पत्र लिहिलं होतं ते मी फाडलेलं नाही. ते वाचून मला काय वाटलं ते कधीतरी तोंडावर सांगेन. आज वेगळ्याच गोष्टीसाठी लिहितेय.

आई आठवडाभर दवाखान्यात होत्या. परवा घरी आणलं. एका सकाळी त्यांनी मला ओळखलंच नाही. वर्गातली मुलगी समजून ‘उशीर का झाला’ म्हणून ओरडल्या, मग भिंतीला गणित समजावून सांगायला लागल्या. मी खूप घाबरले. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी पार आटलंय आणि लघवीत जंतू झालेत. म्हाताऱ्या माणसांत त्याने भ्रम होतो, उतरेल. सलाईन लावलं, औषधं दिली, आणि खरंच उतरला. नीट शुद्धीवर आल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल, तर खाटेवरच्या पाटीवरचं चुकीचं शुद्धलेखन नर्सला दाखवलं.

पण पाणी का पीत नव्हत्या, ते डॉक्टरांनी विचारलं तरी सांगेनात. घरी आल्यावर मी त्यांची खोली आवरायला घेतली. गादीखाली प्लास्टिक पसरलेलं होतं. कपाटाच्या मागे जुन्या चादरी फाडून केलेले तुकडे होते, धुतलेले, एकसारखी घडी घातलेले. मला समजायला जरा वेळ लागला, आणि समजलं तेव्हा मी तिथेच खाली बसले. एकाच घरात राहून मला कळलं नाही, मामी. मी रोज चहाचं विचारत होते आणि त्या बिचाऱ्या चहालाच घाबरत होत्या.

मी विषय काढला, तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. यांना सांगितलं, तर हे म्हणतात, आईचं डोकं आता चालत नाही, हेही त्यातलंच. वृद्धांच्या एका निवासात खोली बघून आलेत. तिथे रात्रंदिवस बाया असतात, डॉक्टर असतो. महिनाअखेरीला आईंना तिथे न्यायचं म्हणतात. यांचा हेतू वाईट नाही. भिंतीशी बोलणारी आई त्यांनी पाहिली आणि ते हादरले आहेत. पण आईंचं डोकं शाबूत आहे. मी दिवसभर त्यांच्याबरोबर असते, मला माहीत आहे.

त्या माझं ऐकत नाहीत, माझ्यासमोर त्यांना लाज वाटते. तुमचं कदाचित ऐकतील. तुमच्याशी निदान भांडतात तरी.

तुमची भाचेसून

*

८ मार्च

बेबी,

सूनबाईने मला सगळं कळवलंय. तिच्यावर चिडू नकोस. मी तिला उत्तर टाकलंय की मी चुकले, आणि तोंडावर जे ऐकवायचं ते ऐकायला मी स्वतः येऊन उभी राहीन.

आता तू ऐक. माझीही गळते.

लिहून टाकलं बघ. शिंकले की, मोठ्याने हसले की, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, किल्ली कुलपात घालताना. घराचं दार दिसलं की तर विचारूच नकोस. किती काळ चाललंय ते आठवत नाही, तुझा भाऊ होता तेव्हापासूनचं आहे, आणि त्यालाही मी कळू दिलं नाही. मी गडद रंगाचे कपडे घालायला लागले, तर तो म्हणायचा तुला शोभतात. दर थंडीत आपण दोघी एका खोलीत झोपायचो. तू उठलीस की मी झोपेचं सोंग घ्यायचे, मी उठले की तू घेत असशील. एवढा सगळा कारभार एकमेकींपासून लपवला! बावळट कुठल्या!

तुझं पत्र, म्हणजे सूनबाईचं पत्र वाचलं आणि मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेले. पोरगेलीशी आहे. तिला म्हटलं, "गुडघ्यासाठी नाही आले. खालच्या मजल्यासाठी आले." ती हसली आणि मग तिने दार लावून घेतलं आणि नीट सगळं विचारलं. म्हणाली, कितीतरी जणींना असतं, सांगत कुणी नाही. आतले स्नायू ढिले पडतात. त्यांचा व्यायाम असतो, आतून आवळून धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं. बसल्या बसल्या करता येतो, कुणाला कळतही नाही. मी आत्ता लिहिता लिहिता करतेय. काहींना गोळ्या लागतात, कुणाला छोटं ऑपरेशन. आणि पाणी तोडणं हा सगळ्यात मोठा मूर्खपणा, हे तिने मला टेबलावर बोट आपटून सांगितलं. मी म्हटलं, हे माझ्या नणंदेला सांगायला हवं, ती शहाणी आहे ना.

तिथून औषधाच्या दुकानात गेले. संध्याकाळची गर्दी, काउंटरवर कोपर टेकून सगळे उभे. माझी पाळी आली. दुकानदार म्हणाला, "आजी, नेहमीच्या गोळ्या ना? सांगितलं असतंत तर घरी पाठवल्या असत्या." म्हटलं, "गोळ्या नकोत. मोठ्या माणसांचे पॅड द्या. लघवी गळते त्याचे."

बेबी, सगळ्यांची कोपरं काउंटरवरून उठली. दुकानदार पुढे वाकून कुजबुजला, "आजी, जरा हळू."

"हळू कशाला? चोरीचा माल आहे का?"

मागे दोन पोरी खुदकन हसल्या. त्याने फळीच्या अगदी वरून पुडा काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला, त्यावर काळी पिशवी चढवली, तिला गाठ मारली. मी गाठ सोडली, पिशवी परत दिली, वर्तमानपत्र परत दिलं. म्हटलं, "बातम्या मी वाचल्यात." पुडा माझ्या जाळीच्या पिशवीत घातला, वर कांदे. माझी छाती धडधडत होती, ते तुला म्हणून सांगते. कानही तापले होते. पण उभी राहिले.

तेवढ्यात माझ्या शेजारी उभा असलेला एक म्हातारा, चांगला कोट घातलेला, काठी असलेला, घसा खाकरून म्हणाला, "मलाही द्या. तेच." दुकानदाराने पुन्हा वर्तमानपत्र ओढलं. म्हातारा म्हणाला, "कागद नको." आणि माझ्याकडे न बघता पुडा काखेत मारून निघून गेला. मी त्याला ओळखत नाही. पण तो गेल्यावर मला एकदम रडू आलं, आणि मी ते खोकल्यावर ढकललं. खोकल्याने काय झालं असेल ते तुला सांगायला नको.

तू त्या निवासात जाणार नाहीस. जायचं असेल तर हातपाय धडधाकट असताना स्वतः निवडून जा, मीही येईन, शेजारची खोली घेऊ. पण लाजेपायी नाही. आणि वेडी ठरून तर मुळीच नाही.

उत्तर लिही. भांडण पुढे चालू ठेव.

वहिनी

*

१५ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र वाचून आधी संताप आला. मग मी दार लावून पुन्हा वाचलं, आणि ‘वर कांदे’ इथे हसले, आणि हसल्यामुळे व्हायचं ते झालं. तुमच्या पत्रांवर इशारा छापायला हवा.

आता माझं ऐका. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षीचा पावसाळा संपत आला होता. मी एका कापडाच्या दुकानात पडद्याचं कापड बघत होते. तिथल्या मुलीने गठ्ठा उलगडला, त्यातली धूळ नाकात गेली आणि मला शिंका आल्या, एकामागून एक. खाली फरशी होती, पांढरी. मला कळलं, आणि त्या मुलीलाही कळलं. तिने गठ्ठा बाजूला ठेवला. आतून फडकं आणलं, वाकून पुसलं, आणि म्हणाली, "पाण्याची बाटली सांडली वाटतं, मॅडम." तिने माझी अब्रू राखली. ती हसली असती तर मी तिला झापलं असतं आणि विसरले असते. पण ती इतकी चांगली वागली की मला पुन्हा त्या रस्त्याने जाता येईना. मग त्या रस्त्याला लागून असलेल्या रस्त्यानेही. मग हळूहळू सगळंच राहिलं.

माझं नाव पाळण्यातलं राहिलं ते राहिलं. शाळेत नुसतं ‘बाई’ म्हटलं की पोरं उभी राहायची, आणि घरात सत्तरी उलटली तरी मी बेबी. आता तुम्ही म्हणता, बेबीने पॅडही लावावेत. माझ्या जागी तुम्ही असतात तर? हो, तुम्ही माझ्याच जागी आहात, हे लिहिल्यावर लक्षात आलं.

माझा मुलगा फोनवर त्या निवासवाल्यांशी बोलत होता ते मी ऐकलं. "तिला स्वतःचं भान राहत नाही," असं म्हणाला. मला भान आहे, वहिनी. सगळ्या भानाने मी ते तुकडे धुतले, वाळवले, घड्या घातल्या. भान नसतं तर लपवलं कशाला असतं? पण हे त्याला सांगायचं कसं? त्याला मी चालायला शिकवलं, पाढे शिकवले. आता त्याच्यासमोर हा शब्द उच्चारायचा? त्यापेक्षा वेडी ठरलेली बरी, असंही एकदा मनात येऊन गेलं. एकदाच नाही, खरं सांगायचं तर.

तुम्ही येऊ नका, असं लिहिलं होतं. मग ते खोडलं. खाडाखोड दिसतेच आहे.

या.

बेबी

*

१८ मार्च

बेबी,

येत्या गुरुवारी दुपारच्या गाडीने येते. माझ्या मुलाला गाडी सुटल्यावर कळवणार आहे. तो म्हणेल, "आई, एवढा प्रवास, तुझा गुडघा, तुझं बी.पी." मी म्हणेन, "आवाज तुटतोय बाळा," आणि ठेवून देईन.

गाडीत पाणी पिणार आहे. मुद्दाम.

वहिनी

*

१६ एप्रिल

वहिनी,

तुम्ही गेल्यापासून घर फार नीटनेटकं आहे, मला आवडत नाही.

तुम्ही निघायच्या आदल्या दिवशी मी मुलाशी बोलायला बसले, तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात मुद्दाम भांडी आपटत होतात, म्हणून आमचं बोलणं तुम्हाला ऐकू आलं नसेल. किंवा नंतर तुम्ही मला काही विचारलं नाहीत, त्याअर्थी सगळं ऐकलं असेल. तरी सांगते. मलाच पुन्हा एकदा सांगून बघायचंय.

तो समोर बसला होता, हातात त्या निवासाचा रंगीत कागद. बागेत हसणाऱ्या म्हाताऱ्यांचं चित्र. मी म्हटलं, "कागद खाली ठेव आणि माझ्याकडे बघ." तो शाळेत असताना जसा बसायचा तसा ताठ बसला. मी म्हटलं, "मला वेड लागलेलं नाही. माझी लघवी थांबत नाही. त्याची लाज वाटली म्हणून मी पाणी सोडलं, पाणी सोडलं म्हणून आजारी पडले, आजारी पडले म्हणून बरळले. एवढंच झालं. आता मी पाणी पिते आणि पॅड लावते. तुला त्यात काही अडचण आहे का?"

तो लालबुंद झाला. टेबलावरची मिठाची बाटली इकडची तिकडे केली. मग म्हणाला, "आई, मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस? तू थेट खोली बघून आलास."

त्याने खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं उठून जाईल. मग अगदी हळू म्हणाला, "तू मला ओळखत नव्हतीस गं. मला वाटलं, तू गेलीसच." आणि चांगला केस पिकलेला बाप्या, हुंदके देऊन रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो कागद सूनबाईने नंतर कशाखाली तरी घातला, मी विचारलं नाही. उठताना त्याने मला विचारलं, "कुठले आणू ते... पॅड?" त्याच्या दृष्टीने हे फारच शौर्याचं काम होतं. मी म्हटलं, "मी आणीन माझे."

आणि मी आणते. पहिल्यांदा दुकानात माझा आवाज फुटला नाही, बोटाने दाखवले. दुसऱ्यांदा सांगितले. काळी पिशवी अजून घेते. तुमच्याइतकी मजल गेलेली नाही, जाईल की नाही सांगता येत नाही. व्यायाम करते. फरक आहे, थोडा.

आता आजची गोष्ट.

आज मी एकटी मंडईत गेले. कांदे, साबण आणि वह्या घ्यायच्या होत्या. निघताना चहा पिऊन निघाले होते. मंडईच्या मागच्या बाजूला बायकांसाठी स्वच्छतागृह आहे, बाहेर मोठी पाटी. दाराला कुलूप. शेजारी एक अंडीवाली बसते, तिला विचारलं. म्हणाली, "ते कधीच उघडं नसतं, बाई. चावी वर ऑफिसात." मी विचारलं, "मग तुम्ही काय करता?" ती म्हणाली, "आम्ही पाणीच पीत नाही." किती सहज म्हणाली! तिच्या पलीकडची भाजीवाली, तिच्या पलीकडची, सगळ्या तशाच. पहाटे येतात, दुपार कलल्यावर घरी जातात. तोवर घसा कोरडा.

वहिनी, मला इतका राग शाळेत कॉपी पकडतानाही आला नव्हता.

मी वर ऑफिसात गेले. अधिकारी पंख्याखाली बसले होते. म्हणाले, "घाण करतात लोक, म्हणून बंद ठेवलंय. तुमची तक्रार असेल तर लेखी अर्ज द्या, वर पाठवू."

"वर म्हणजे कुठे? तुम्हीच तर वर बसलाय."

"बाई, नियम असतो."

त्यांच्या टेबलासमोर पाहुण्यांसाठी नवी कोरी गादीची खुर्ची होती, फिक्या रंगाची. मी तिच्यावर बसले. पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि प्यायला लागले. त्यांना वाटलं, दमले असेन. म्हणाले, "प्या, प्या, सावकाश." मी बाटली संपवली. मग त्यांच्या टेबलावरच्या तांब्यातलं ओतून घेतलं आणि तेही प्यायले. शांतपणे. ते बघत राहिले.

मग मी म्हटलं, "साहेब, माझं वय झालंय. माझी लघवी थांबत नाही. डॉक्टरांनी पाणी भरपूर प्यायला सांगितलंय आणि तुम्ही कुलूप लावून ठेवलंय. अर्ज मी लिहून देते, माझं अक्षर चांगलं आहे. तो वर जाऊन खाली येईपर्यंत मी इथेच बसते. याच खुर्चीवर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खुर्चीकडे बघितलं. मी तिसरा पेला भरायला घेतला.

चावी त्यांच्याच खणात होती.

खरं तर मला कसलीच धास्ती नव्हती. आतून पक्का बंदोबस्त होता. पण ते त्यांना कुठे माहीत?

शिपायाबरोबर ते स्वतः खाली आले. कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना, शिपायाने दगडाने दोन ठोके घातले तेव्हा सुटलं. तोवर बायका जमल्या होत्या. अंडीवालीने आपली टोपली माझ्या हातात दिली, म्हणाली, "बाई, जरा धरा," आणि सगळ्यांच्या आधी आत गेली. मागोमाग एकेक. मी अंड्यांची टोपली धरून दारात उभी, आणि रांग मोडणाऱ्या एकीला मी ओरडलेसुद्धा. माझा आवाज अजून तसाच आहे, वहिनी. मला वाटलं होतं गेला.

माझा नंबर शेवटी लागला. बाहेर आले तर अधिकारी अजून तिथेच उभे, रुमालाने मान पुसत. म्हणाले, "झालं ना बाई तुमचं समाधान?"

मी म्हटलं, "आत दिवा नाही, नळाला पाणी नाही आणि कडी लागत नाही. उद्या येते."

बेबी